कृष्णस्वामी वेंकटरामन

कृष्णस्वामी वेंकटरामन (७ जून १९०१ – १२ मे १९८१) हे भारतीय सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ आणि रंजकद्रव्यांच्या रसायनशास्त्राचे जगन्मान्य अभ्यासक होते. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे ते पहिले भारतीय संचालक, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचेही पहिले भारतीय संचालक. फ्लॅव्होन वर्गातील संयुगे तयार करण्याची जी अभिक्रिया बेकर–वेंकटरामन पुनर्रचना म्हणून ओळखली जाते, तिच्या नावात त्यांचे नाव आहे. संश्लेषित रंजकांच्या रसायनशास्त्रावरील त्यांचा बहुखंडी ग्रंथ हा या विषयाचा प्रमाणग्रंथ समजला जातो. जन्माने ते तमिळ असले तरी त्यांच्या आयुष्यातील कर्तबगारीची वर्षे प्रामुख्याने मुंबई आणि पुणे येथे गेली.

पूर्वायुष्य आणि शिक्षण

वेंकटरामन यांचा जन्म मद्रास येथे झाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतल्यानंतर सरकारी शिष्यवृत्ती मिळवून ते इंग्लंडमधील मँचेस्टर येथे गेले. मँचेस्टर हे त्या काळी सुती कापडाचे जागतिक केंद्र होते. कापड आले की रंग आला, आणि रंग आला की रसायनशास्त्र आले. त्यामुळे तेथील तंत्रशिक्षणात रंजकांना महत्त्वाचे स्थान होते. शिवाय मँचेस्टर विद्यापीठात रॉबर्ट रॉबिन्सन हे सेंद्रिय रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. वनस्पतिजन्य पदार्थांवरील संशोधनासाठी पुढे १९४७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली वेंकटरामन यांनी फ्लॅव्होन आणि तत्सम पिवळ्या वनस्पतिरंगांवर काम केले. कापड रंगवणाऱ्या कारखान्याची निकड आणि फुलापानांतील रंगांचे कुतूहल, या दोन्ही गोष्टींची ओळख त्यांना एकाच शहरात झाली. पुढील पन्नास वर्षांत त्यांनी यातली एकही सोडली नाही.

लाहोर आणि पुनर्रचनेचा शोध

भारतात परतल्यावर काही काळ ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते. त्यानंतर ते लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन महाविद्यालयात अध्यापन करू लागले. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी अभिक्रिया याच काळातली आहे.

फ्लॅव्होन हा तीन कड्यांचा सांगाडा आहे. त्याच्या योग्य जागी हायड्रॉक्सिल गट बसले की वनस्पतींतील अनेक पिवळे रंग तयार होतात. नुसते फ्लॅव्होन मात्र जवळजवळ रंगहीन असते. मँचेस्टरमध्ये ॲलन आणि रॉबिन्सन यांनी १९२४ मध्ये फ्लॅव्होन तयार करण्याची एक पद्धत दिली होती, परंतु तीत घटकद्रव्ये उच्च तापमानाला तापवावी लागत. लाहोरमध्ये वेंकटरामन आणि त्यांचे सहकारी एच. एस. महाल यांना सौम्य वाट सापडली. हायड्रॉक्सी-ॲसिटोफिनोन या संयुगाचे एस्टर बनवून त्यावर अल्कधर्मी पदार्थाची क्रिया केली असता ॲसिल गट ऑक्सिजनवरून उठून शेजारच्या कार्बनवर जाऊन बसतो आणि डायकिटोन तयार होते. या डायकिटोनवर आम्लाची क्रिया केली की पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, कडे मिटते आणि फ्लॅव्होन मिळते.

इंग्लंडमध्ये विल्सन बेकर यांनीही स्वतंत्रपणे हीच अभिक्रिया शोधली. दोघांचे शोधनिबंध १९३३ आणि १९३४ या वर्षांत प्रसिद्ध झाल्यामुळे अभिक्रियेला दोघांचेही नाव मिळाले. साधने मर्यादित असलेल्या लाहोरच्या एका महाविद्यालयातील काम ब्रिटिश विद्यापीठातील कामाच्या बरोबरीने नोंदले गेले, हे त्या काळात सहज घडणारे नव्हते. ही अभिक्रिया सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आजही शिकवली जाते. फ्लॅव्होन आणि क्रोमोन वर्गांतील औषधी संयुगे बनवण्यासाठी तिचा वापर होतो.

फ्लॅव्होनचे जवळचे नातेवाईक म्हणजे चॅल्कोन. करडईच्या पाकळ्यांपासून एकेकाळी काढला जाणारा कुसुंबी रंग याच घराण्यातला आहे. धाराशिव, सोलापूर, परभणी या भागांत करडई आता तेलासाठीच पेरली जाते आणि पाकळ्यांच्या रंगाकडे फारसे कोणी पाहत नाही. संश्लेषित रंजकांनी देशी रंगांची बाजारपेठ कशी गिळली, याची ही एक साक्ष आहे. नीळ हे त्याचे अधिक प्रसिद्ध उदाहरण. जर्मनीत १८९७ मध्ये कृत्रिम निळीचे औद्योगिक उत्पादन सुरू झाले आणि काही वर्षांतच भारतातील निळीची शेती कोसळली.

मुंबईतील कार्य

मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १ ऑक्टोबर १९३३ रोजी सुरू झाला. वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी हे त्याचे आरंभीचे विषय होते. पहिले प्रमुख रॉबर्ट फॉर्स्टर हे इंग्रज रंजकतज्ज्ञ होते. वेंकटरामन १९३४ मध्ये येथे रुजू झाले आणि १९३८ मध्ये फॉर्स्टर यांच्यानंतर विभागाचे संचालक झाले. विभाग सुरुवातीला रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या इमारतीत होता. १९४३ मध्ये तो माटुंग्याच्या स्वतःच्या परिसरात गेला. हाच विभाग आज रसायन तंत्रज्ञान संस्था या नावाने ओळखला जातो.

त्या काळच्या मुंबईत गिरण्या अनेक होत्या, पण त्यांना लागणारे रंग बाहेरून येत. पहिल्या महायुद्धात जर्मन मालाचा पुरवठा तुटला तेव्हा या परावलंबनाची झळ गिरण्यांना बसली होती. दुसऱ्या महायुद्धात तोच प्रसंग पुन्हा आला. रंजक बनवण्यासाठी कोळशाच्या डांबरापासून मिळणारी बेंझीन, नॅप्थॅलीन यांसारखी मूळ संयुगे लागतात, त्यांपासून मधली संयुगे लागतात, आणि या सर्वांवर काम करू शकणारी माणसे लागतात. पहिल्या दोन गोष्टी पैशाने विकत घेता येत होत्या. तिसरी घडवावी लागणार होती, आणि वेंकटरामन यांनी माटुंग्यात ती घडवली. रंजकनिर्मिती शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सेंद्रिय रसायनशास्त्राचे सखोल ज्ञान असलेच पाहिजे, ही त्यांची धारणा होती. त्यामुळे कारखान्यात जाणारे विद्यार्थीही येथे मूलभूत संशोधनाच्या शिस्तीतून जात. नॅप्थॉल-एएस या कापडावरच रंग तयार करणाऱ्या वर्गावर, ॲन्थ्राक्विनोन रंजकांवर आणि रंजक व सुती धागा यांच्यातील आकर्षणावर त्यांच्या गटाने शोधनिबंध प्रसिद्ध केले.

स्वातंत्र्यानंतर देशात रंजकांचे कारखाने उभे राहू लागले. गुजरातमध्ये कस्तुरभाई लालभाई यांनी १९४७ मध्ये स्थापन केलेला अतुल हा त्यांतील आघाडीचा प्रकल्प. महाराष्ट्रात मुंबई आणि कल्याण परिसरात हा उद्योग वाढला. या कारखान्यांना लागणारे रसायनतज्ज्ञ पुरवण्यात माटुंग्याच्या विभागाचा वाटा मोठा होता.

रंजकांवरील ग्रंथ

‘द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज’ या ग्रंथाचे पहिले दोन खंड १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲकॅडेमिक प्रेस या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केले. लुई आणि मेरी फीझर या रसायनशास्त्रज्ञ दांपत्याने संपादित केलेल्या ग्रंथमालेत त्यांचा समावेश होता. दोन्ही खंडांची मिळून सुमारे १,४०० पृष्ठे होती आणि ती वेंकटरामन यांनी एकट्याने लिहिली होती.

या ग्रंथाचे महत्त्व समजण्यासाठी त्या वेळची परिस्थिती लक्षात घ्यावी लागते. रंजकांचे ज्ञान तोपर्यंत बहुतांशी जर्मन कंपन्यांच्या कपाटांत बंद होते. पेटंटांत ते मुद्दाम धूसर ठेवलेले असे, आणि बाजारात एकच रंजक वेगवेगळ्या नावांनी विकले जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी आय. जी. फार्बेन या जर्मन समूहाच्या कारखान्यांची पाहणी केली आणि तेथील प्रक्रियांचे अहवाल खुले केले. हे अहवाल म्हणजे हजारो पानांचा असंघटित ढीग होता. वेंकटरामन यांनी ही सामग्री, पेटंटे आणि शास्त्रीय नियतकालिके यांची सांगड घालून रंजकांचे रेणूंच्या रचनेनुसार वर्गीकरण मांडले. कोणत्या व्यापारी नावामागे कोणता रेणू आहे, तो कसा तयार होतो आणि धाग्यावर कसा वागतो, हे एका ठिकाणी वाचण्याची सोय यामुळे झाली. ग्रंथाचा रशियन अनुवादही झाला.

पुढील काळात विषय इतका विस्तारला की एका माणसाने तो लिहिणे शक्य राहिले नाही. १९७० ते १९७८ या काळात आणखी सहा खंड निघाले. त्यांचे संपादन वेंकटरामन यांनी केले आणि प्रकरणे निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांनी लिहिली. सहावा खंड (१९७२) संपूर्णपणे क्रियाशील रंजकांना, म्हणजे धाग्याच्या रेणूशी रासायनिक बंध जोडणाऱ्या रंजकांना, वाहिलेला आहे. ‘द ॲनालिटिकल केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज’ हा त्यांनी संपादित केलेला स्वतंत्र ग्रंथ १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला.

प्रतिदीप्त रंजके

ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात (१९७१) प्रतिदीप्त शुभ्रकांवर गोल्ड यांनी लिहिलेले विस्तृत प्रकरण आहे. १९५२ च्या खंडांनंतरच्या दोन दशकांत हा विषय किती वाढला होता, हे या प्रकरणाच्या आकारावरूनच दिसते.

साधारण रंजक प्रकाश गिळते. पांढऱ्या प्रकाशातील काही तरंगलांबी ते शोषून घेते, उरलेला प्रकाश डोळ्यापर्यंत येतो आणि तो रंग म्हणून दिसतो. शोषलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने विरून जाते. प्रतिदीप्त रंजक मात्र शोषलेल्या ऊर्जेचा मोठा भाग पुन्हा प्रकाश म्हणून बाहेर टाकते. थोडी ऊर्जा मध्येच खर्च झालेली असल्याने हा प्रकाश शोषलेल्या प्रकाशापेक्षा लांब तरंगलांबीचा असतो. जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनी १८५२ मध्ये या घटनेचा पद्धतशीर अभ्यास केला म्हणून दोन तरंगलांबींतील अंतराला स्टोक्स विस्थापन म्हणतात.

घराघरांतील धुण्यात याचे उदाहरण सापडते. पांढरे कापड जुने झाले की पिवळसर दिसते, कारण ते निळा प्रकाश शोषू लागते. त्याला नीळ दिली की पिवळा प्रकाशही थोडा शोषला जातो. पिवळेपणा झाकला जातो, पण एकूण प्रकाश कमी होऊन कापड किंचित करडे पडते. टिनोपाल किंवा रानीपाल या नावांनी भारतीय बाजारात परिचित झालेले शुभ्रक याच्या उलट वागते. ते डोळ्याला न दिसणारा, सुमारे ३४० ते ३८० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषते आणि ४२० ते ४७० नॅनोमीटरच्या पट्ट्यात निळा प्रकाश देते. कमी पडलेला निळा रंग भरून निघतो आणि कापड खरोखरच अधिक प्रकाश परत पाठवते. पॉल क्राइस यांनी १९२९ मध्ये हॉर्स चेस्टनट या झाडाच्या सालीतील एस्क्युलिन या द्रव्याने कापड असे उजळते हे दाखवले. एस्क्युलिन हे कूमारिन वर्गातील आहे, आणि हा वर्ग वेंकटरामन यांच्या आवडत्या क्रोमोनांचा अगदी जवळचा आप्त होय. व्यापारात नंतर स्टिलबीनपासून बनवलेली शुभ्रके अधिक रूढ झाली.

कोणता रेणू प्रकाश परत देईल आणि कोणता देणार नाही, हे त्याच्या रचनेवरून काही प्रमाणात सांगता येते. फिनॉल्फ्थेलीन आणि फ्लुओरेसीन यांची जोडी विद्यार्थ्यांना परिचित असते. दोहोंत मुख्य फरक एका ऑक्सिजन पुलाचा आहे. फिनॉल्फ्थेलीन अल्कली द्रावणात गडद गुलाबी होते, पण चकाकत नाही, कारण त्याची कडी वळवळू शकतात आणि ऊर्जा त्या हालचालीत उडून जाते. फ्लुओरेसीनमध्ये ऑक्सिजन दोन कड्यांना घट्ट बांधतो, रेणू सपाट व ताठ राहतो आणि हिरवा प्रकाश उमटतो. अडॉल्फ फॉन बायर यांनी ते १८७१ मध्ये बनवले होते. तीन-हायड्रॉक्सीफ्लॅव्होनचे वागणे याहून वेगळे आहे. प्रकाश शोषताच त्याच्या हायड्रॉक्सिल गटातील प्रोटॉन शेजारच्या कार्बोनिल ऑक्सिजनकडे जातो, आणि बदललेला रेणू ३४५ नॅनोमीटरच्या आसपास घेतलेली ऊर्जा सुमारे ५३० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशात परत करतो. शोषण आणि उत्सर्जन यांत इतके अंतर असल्यामुळे एका रेणूने दिलेला प्रकाश शेजारचा रेणू पुन्हा गिळत नाही.

रंजक बहुवारिकात, म्हणजे पॉलिमरमध्ये, बसवायचे असते तेव्हा हीच अडचण सर्वांत आधी पुढे येते. रंजकाचे रेणू दाटीने बसले की ते परस्परांची ऊर्जा खेचतात आणि चकाकी मावळते. त्यामुळे रंजक जितके जास्त घालावे तितका प्रकाश जास्त, हा हिशेब एका मर्यादेनंतर उलटतो. यावर उपाय म्हणजे रंजकाचे रेणू बहुवारिकाच्या साखळीला पुरेशा अंतराने रासायनिक बंधाने जोडणे. त्यामुळे ते एकमेकांपासून दूर राहतात, आणि धुण्याने किंवा उष्णतेने पृष्ठभागावर सरकूनही येत नाहीत. रेझिनमध्ये ऱ्होडामिनसारखे रंजक अत्यल्प प्रमाणात विरघळवून, घट्ट झालेला पदार्थ दळून बनवलेली भडक प्रतिदीप्त रंगद्रव्ये ही या विचाराची जुनी आणि साधी आवृत्ती. धाग्याशी बंध जोडणारी क्रियाशील रंजके हे त्याच विचाराचे दुसरे रूप म्हणता येईल, कारण सुती धागा हाही सेल्युलोज या नैसर्गिक बहुवारिकाचाच बनलेला असतो.

वेंकटरामन यांच्या प्रयोगशाळेतील संशोधनाचा मुख्य रोख प्रतिदीप्तीवर नव्हता. रेणूची रचना आणि प्रकाशाशी त्याचा व्यवहार यांचा संबंध रंजकांच्या प्रत्येक वर्गासाठी शोधण्याची जी चौकट त्यांच्या ग्रंथाने दिली, तिचा उपयोग या क्षेत्राला झाला. माटुंग्याच्या रंजक विभागात प्रतिदीप्त रंजकांचे संशोधन पुढे दीर्घकाळ होत राहिले.

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. जेम्स मॅकबेन आणि जॉर्ज फिंच या परदेशी शास्त्रज्ञांनंतर १९५७ मध्ये वेंकटरामन तिचे संचालक झाले. १९६६ पर्यंत ते या पदावर होते.

संचालकपदाच्या कामात त्यांनी स्वतःचे संशोधन थांबवले नाही, किंबहुना नैसर्गिक रंगांवरील त्यांचे सर्वांत फलदायी काम पुण्यातच झाले. लाखेच्या किड्यापासून मिळणारा लाल रंग भारतात शतकानुशतके कापड रंगवण्यासाठी वापरला जात होता, परंतु तो नेमका कोणता पदार्थ आहे हे स्पष्ट नव्हते. तो एकच पदार्थ नसून लॅकाइक आम्ले नावाच्या परस्परसदृश ॲन्थ्राक्विनोन संयुगांचे मिश्रण आहे. त्यांची रचना उलगडण्याचे काम वेंकटरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात केले. कोकमाच्या गोत्रातील गार्सिनिया मोरेला या झाडाच्या बियांतून मिळणाऱ्या मोरेलिन या पिवळ्या द्रव्याची गुंतागुंतीची रचनाही याच काळात निश्चित झाली. त्यात क्ष-किरण स्फटिकशास्त्राची मदत झाली आणि जी. एन. रामचंद्रन यांचा त्या कामात सहभाग होता. फणस आणि तुती ज्या कुळात मोडतात त्या मोरेसी कुळातील वृक्षांच्या लाकडात कोणती फ्लॅव्होनॉइडे आढळतात, आणि त्यांवरून वनस्पतींचे वर्गीकरण तपासता येईल का, यावरही त्यांनी लिहिले.

लाखेचा रंग बाजारातून केव्हाच हद्दपार झाला होता, आणि राष्ट्रीय प्रयोगशाळेकडून उद्योगांना लागणाऱ्या प्रक्रियांची अपेक्षा होती. तरीही अशा रेणूंवर वर्षे खर्च करण्यात वेंकटरामन यांना विसंगती वाटत नव्हती. रचना उलगडण्याच्या कामातून तयार झालेला संशोधक कोणत्याही कारखान्यात उपयोगी पडतो, हे ते माटुंग्यात अनुभवून आले होते. त्यांच्या विद्यार्थ्यांचा पुढचा प्रवास पाहता ही अपेक्षा चुकीची ठरली नाही. पुण्यात त्यांच्याकडे रंजकांवर संशोधन केलेले ए. व्ही. रामाराव यांनी पुढे औषधनिर्मितीच्या स्वदेशी प्रक्रिया विकसित करण्यात नाव मिळवले.

शिष्य आणि कुटुंब

बाळ दत्तात्रेय टिळक (१९१८–१९९९) हे वेंकटरामन यांचे सर्वाधिक प्रसिद्ध मराठी शिष्य. विदर्भातील कारंजा येथे जन्मलेल्या टिळकांनी माटुंग्यात वेंकटरामन यांच्याकडे आणि नंतर ऑक्सफर्डमध्ये रॉबिन्सन यांच्याकडे संशोधन केले. गुरूचा गुरू हाच शिष्याचाही गुरू झाला, असा हा दुर्मिळ योग होता. माटुंग्यात रंजकांचे प्राध्यापक झालेल्या टिळकांनी १९६६ मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या संचालकपदाची सूत्रे वेंकटरामन यांच्याकडूनच स्वीकारली.

प्रसिद्ध आर्थिक इतिहासकार धर्मा कुमार (१९२८–२००१) या वेंकटरामन यांच्या कन्या होत. त्यांचे बालपण लाहोर आणि मुंबई येथे गेले. दक्षिण भारतातील जमीन आणि जात यांवरील १९६५ चा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे.

सन्मान आणि अखेरची वर्षे

भारत सरकारने १९६१ मध्ये वेंकटरामन यांना पद्मभूषण हा किताब दिला. भारतातील प्रमुख विज्ञान अकादमींचे ते सदस्य होते. निवृत्तीनंतरही त्यांचे संशोधन आणि संपादन चालू राहिले. ग्रंथमालेचा आठवा आणि अखेरचा खंड १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांचे वय ७७ वर्षांचे होते. १२ मे १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. माटुंग्याच्या संस्थेतील सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले असून विद्यार्थ्यांत ते ‘के. व्ही. सभागृह’ या आद्याक्षरांनी ओळखले जाते.